मावशींना शिकवलं कोणी?

मीरा रोडच्या सोसायटीच्या गेटवर बसलेल्या वॉचमनला कायद्याने प्रशिक्षण लागतं. खासगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 साली केंद्राने कायदा केला. त्याखालचे आदर्श नियम सांगतात की सुरक्षारक्षकाला वर्गात किमान 100 तास आणि प्रत्यक्ष कामावर 60 तास शिकवावं, आणि ही शिकवणी निदान 20 कामाच्या दिवसांत विभागून द्यावी. एजन्सीला परवाना हवा, माणसाची पोलीस पडताळणी हवी. हे सगळं प्रत्यक्षात किती पाळलं जातं, हा वेगळा प्रश्न. पण कागदावर तरी कोणीतरी विचार केला आहे की, जो माणूस आपल्या दारात उभा राहणार त्याला काय काय यायला हवं.

त्याच सोसायटीत चौथ्या मजल्यावर अर्धांगवायू झालेले आजोबा असतात. त्यांना नाकातल्या नळीतून दूध देणारी, लघवीची पिशवी रिकामी करणारी, दिवसातून सहा वेळा कूस बदलून देणारी बाई असते. तिच्यासाठी 100 तास सोडा, एकही तास कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. चौथ्या मजल्यावरचे आजोबा उद्या दोन गल्ल्या पलीकडच्या रो-हाऊसमधल्या केअर सेंटरमध्ये हलले, तरी तिथल्या बाईसाठीही तो लिहिलेला नाही.

हा लेख त्या न लिहिलेल्या तासांबद्दल आहे.

मीरा-भाईंदरचं वय आधी ध्यानात घ्यायला हवं. 1985 साली नगर परिषद झाली, 2002 साली महानगरपालिका. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. ऐंशी-नव्वदच्या दशकात गिरगाव, लालबाग, परळच्या दहा बाय बाराच्या खोल्या सोडून जी जोडपी इथे आली, त्यांनी पस्तिशी-चाळिशीत वन रूम किचन घेतलं, विरार लोकलचे धक्के खाल्ले, मुलांना शिकवलं. ती पिढी आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहे. मुलं ठाण्याच्या पलीकडे, पुण्याला, बंगळुरूला, काही परदेशात. जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. गुडघे गेलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर राहत असेल, तर तो दवाखान्याशिवाय खाली उतरतच नाही. उत्तन, डोंगरी, मुर्धा, राई या जुन्या गावांत अजून भाऊबंद शेजारी असतात, पण तिथली तरुण मुलंही नोकरीसाठी दिवसभर बाहेर.

अशा शहरात सांभाळाची गरज वाढणं साहजिक होतं, आणि ती भागवणारा धंदाही तेवढ्याच साहजिकपणे उभा राहिला. त्याची दोन रूपं आहेत. पहिलं म्हणजे ब्युरो. स्टेशनजवळ एका गाळ्यात टेबल, दोन फोन आणि भिंतीला लावलेली गुमास्त्याची नोंदणी. फोन केला की संध्याकाळपर्यंत बाई हजर. बारा तासांची ड्युटी की चोवीस तासांची, पेशंट चालता आहे की बेडरिडन, डायपर आहे का, नळी आहे का, एवढे प्रश्न विचारले जातात आणि त्यावर दर ठरतो. दुसरं रूप केअर होमचं. रो-हाऊस, बंगला किंवा तळमजल्यावरचे दोन जोडलेले फ्लॅट. प्रत्येक खोलीत तीन-चार खाटा, एक डॉक्टर आठवड्यातून फेरी मारणारे, एक सिस्टर बहुधा फोनवर मिळणाऱ्या, आणि चोवीस तास प्रत्यक्ष जागेवर असणाऱ्या मावशी आणि मामा. वृद्धांचं सगळं आयुष्य या शेवटच्या दोघांच्या हातांत असतं.

या मावशी काम कुठे शिकल्या, असं विचारलं की उत्तर बहुधा एकच येतं: आधीच्या मावशीकडून. पहिले दोन दिवस तिच्यासोबत उभं राहायचं, तिसऱ्या दिवशी स्वतः करायचं. अशा शिकण्याला मी कमी लेखत नाही. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलावं, जेवण नाकारणाऱ्या आजींना कुठल्या आठवणीने दोन घास जातील, अंगाला हात लावू न देणाऱ्या आजोबांची लाज कशी राखावी, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा अनुभवी बाईकडून चांगलं शिकता येतं. पण त्या साखळीतून चुकाही तितक्याच इमानाने पुढे जातात.

माझ्या सासूबाई मांडीचं हाड मोडल्यावर काही महिने अशाच एका ठिकाणी होत्या. तिथल्या मावशींचा त्यांच्यावर खरा जीव होता. पाठीच्या खालच्या टोकाला, माकडहाडावर, लाल चट्टा दिसू लागला तेव्हा त्या मावशींनी खोबरेल तेल कोमट करून रोज संध्याकाळी तो भाग चोळून दिला. वर पावडर लावली, खाली मधोमध भोक असलेली रबरी गादी ठेवली. आम्हीही कौतुकाने पाहत होतो. काही आठवड्यांत तिथे जखम झाली, आणि ती जखम त्यांच्या शेवटापर्यंत भरली नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की हाडावरची लाल झालेली कातडी चोळायची नसते. आतल्या पेशींना रक्त पोहोचत नसतं, चोळल्याने त्या आणखी फाटतात. रबरी कडं कडेच्या भागावर दाब वाढवतं आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा तोडतं. त्या मावशींच्या प्रेमात काहीच कमी नव्हतं. कमी होतं ते कोणीतरी अर्धा दिवस बसवून शिकवणं.

बेडसोरचंच उदाहरण पुढे नेतो, कारण प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय हे त्यातून दिसतं. शिकलेली व्यक्ती लाल चट्ट्यावर बोट दाबते आणि उचलते. दाबलेली जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त अजून वाहतं आहे. लालपणा तसाच राहिला, तर जखमेची सुरुवात झालेली आहे आणि त्या कुशीवर आता झोपवायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, तिथे हाताला लागणारी ऊब किंवा कडकपणा बघायचा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, पण पूर्ण नव्वद अंशांत वळवायचं नाही, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन थोडंसं, तीसेक अंश कलतं ठेवायचं. टाचा गादीला टेकता कामा नयेत, म्हणून पोटऱ्यांखाली उशी. माणसाला वर सरकवताना ओढायचं नाही. खाली घडी घातलेली चादर ठेवून दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलायचं, म्हणजे कातडी घासत नाही आणि मावशींची कंबरही वाचते. आणि हे सगळं वेळेसकट वहीत लिहायचं, म्हणजे रात्रपाळीच्या बाईला कळतं की शेवटची कूस कुठली होती.

यात कुठेही डॉक्टरकी नाही. दहावी झालेली, किंवा न झालेलीही, कुठलीही शहाणी बाई हे शिकू शकते. पण आपसूक कोणाला सुचत नाही. नळीतून दूध देताना डोकं उंच ठेवायचं आणि नंतरही निदान अर्धा तास उंचच राहू द्यायचं, हे सुचत नाही. आडवं झोपवून दिलेलं दूध फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो आणि घरच्यांना वाटतं, म्हातारपणी व्हायचंच. लघवीची पिशवी खाटेवर ठेवली की लघवी उलटी मूत्राशयाकडे जाते. काखेत हात घालून उचललेल्या आजींचा खांदा निखळतो. अर्धांगाच्या बाजूचा हात धरून तर कधीच ओढायचं नाही. इन्शुलिन घेणारे आजोबा एकदम चिडचिडे झाले, घामेजले, तर ती भांडणाची वेळ नसते, साखर तपासायची वेळ असते. संध्याकाळ झाली की काही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा गोंधळ वाढतो, घरी जायचं म्हणून ते दार ठोठावतात. अशा वेळी त्यांना खाटेला बांधून ठेवणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. देशातल्या 60 वर्षांवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 7.4 टक्के असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाने मांडला. म्हणजे वीस खाटांच्या कुठल्याही केअर होममध्ये हे रुग्ण असणारच, आणि प्रत्यक्षात तिथे त्यांचं प्रमाण कितीतरी जास्त दिसतं, कारण घरात सांभाळणं कठीण झालेल्यांनाच तिथे आणलं जातं.

मग कायदा काय म्हणतो? आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणाचा कायदा 2007 साली झाला, महाराष्ट्राचे नियम 2010 साली आले. मुलांकडून पोटगी मिळवण्यासाठी प्रांताधिकाऱ्यापुढे दाद मागता येते, ती याच कायद्याखाली. याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. पण पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी केअर होमने कोणाला कामावर ठेवावं, त्याला काय यावं, याविषयी कायदा गप्प आहे. राज्याचा 1949चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आजारी माणसांवर उपचार करणाऱ्या जागांसाठी. केअर होम म्हणतं, आम्ही रुग्णालय नाही, आमच्याकडे लोक फक्त राहतात. आणि ते राहणारे लोक तर नळी, पिशवी आणि ऑक्सिजनसकट राहत असतात. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून अनुदान घेणाऱ्या वृद्धाश्रमांना कर्मचाऱ्यांचे निकष आहेत, पण अनुदान न घेणाऱ्याला ते बांधत नाहीत.

एकदा हा प्रश्न अगदी संसदेच्या दारापर्यंत पोहोचला होता. डिसेंबर 2019मध्ये लोकसभेत 2007च्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक आलं. ज्येष्ठांच्या केअर होमची नोंदणी सक्तीची, त्यांना किमान दर्जा, आणि घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांचीही नोंदणी. त्या संस्थांच्या सेवकांचं प्रशिक्षण, पात्रता आणि पोलीस पडताळणी यांचे किमान निकष केंद्राने ठरवावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, जानेवारी 2021मध्ये समितीचा अहवालही आला. मधल्या काळात करोनाने वृद्धांची काय दैना केली ते आपण पाहिलं होतं. तरीही विधेयक मंजूर झालं नाही, आणि 2024 साली ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही बाद झालं. माझ्या मते या देशातल्या वृद्धांच्या बाबतीत अलीकडच्या काळात झालेली ही सगळ्यात मोठी हेळसांड आहे, आणि तिच्याबद्दल कोणीही मोर्चा काढला नाही. खाटेवरची माणसं मोर्चा काढू शकत नाहीत, आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका ड्युटीवर असतात.

अभ्यासक्रम नाहीत असं मात्र नाही. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा 'जनरल ड्युटी असिस्टंट' हा अभ्यासक्रम आहे, लोक त्याला जीडीए म्हणतात. अंघोळ, कपडे, भरवणं, कूस बदलणं, खाटेवरून खुर्चीत नेणं, हात धुण्यापासून जैविक कचऱ्यापर्यंत सगळं त्यात येतं. घरी जाऊन सेवा करणाऱ्यांसाठी 'होम हेल्थ एड' वेगळा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने रुग्ण सहायकाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम मराठीतून चालवला, त्यातून खेड्यापाड्यातल्या किती मुली उभ्या राहिल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थेने वृद्धसेवेचे काही महिन्यांचे वर्ग घेतले. मीरा रोडला मुळं असलेली 'सिल्व्हर इनिंग्ज' ही संस्था 2008पासून ज्येष्ठांसाठी काम करते आहे, आणि तिने नालासोपाऱ्याजवळ राजोडीला 'ए-वन स्नेहांजली' हे सांभाळाचं घर चालवलं. म्हणजे जाणती माणसं आपल्यापासून तीन-चार स्टेशनांच्या अंतरावर आहेत.

तरीही प्रमाणपत्र असलेली मावशी शोधून सापडत नाही. कारण साधं आहे. शिकलेल्या बाईला आणि न शिकलेल्या बाईला ब्युरो एकाच दराने पाठवतो, आणि घरचे लोकही तेवढेच पैसे द्यायला तयार असतात. नालासोपारा, नायगाव, वसई-विरारच्या पाड्यांवरून येणारी बाई तीन महिने मजुरी बुडवून वर्गाला कशी बसेल? जिने जीडीए केलं ती हॉस्पिटलात वॉर्डात लागते, कारण तिथे निदान महिन्याची पगाराची तारीख ठरलेली असते. 2021 साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा जो राष्ट्रीय कायदा झाला, त्याने किमान 2000 तासांचं, दोन वर्षांत विभागलेलं शिक्षण मागितलं. लॅब तंत्रज्ञांसाठी ते योग्यच. पण काही महिन्यांचा अभ्यासक्रम केलेली मावशी त्या चौकटीत बसत नाही, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत तर ती नव्हतीच. फार तर घरेलू कामगार म्हणून तिची नोंद होऊ शकते.

बाहेरच्या देशांनी हे कसं हाताळलं ते बघण्यासारखं आहे, कारण त्यांच्याही पदरी सुरुवातीला अनास्थाच होती. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या हालअपेष्टांचा बभ्रा झाल्यावर 1987 साली संघराज्याने कायदा केला: मदतनिसाला किमान 75 तासांचं प्रशिक्षण, परीक्षा, राज्याच्या यादीत नाव आणि दर वर्षी पुन्हा उजळणी. आज तिथे अनेकांना 75 तासही अपुरे वाटतात. जपानने त्याच वर्षी सांभाळ करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पात्रतेचा कायदा केला, आणि आज तिथलं नवशिक्यांचं प्राथमिक शिक्षण 130 तासांचं आहे. इंग्लंडमध्ये रुग्णालयांतल्या हलगर्जीपणाची चौकशी झाल्यानंतर 2013 साली कॅव्हेंडिश अहवालाने मदतनिसांच्या तयारीकडे लक्ष वेधलं, आणि 2015पासून 15 मुद्द्यांचं 'केअर सर्टिफिकेट' सुरू झालं. त्यात माणसाची खासगी लाज आणि प्रतिष्ठा हा एक स्वतंत्र मुद्दा आहे, पाणी आणि अन्न हा एक.

आणि आपलं राज्य? फेब्रुवारी 2024मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी 10 हजार कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. त्यात आरोग्यसेवेतली माणसंही होती, आणि त्यांना जर्मन भाषा शिकवण्याची सोय सरकारने ठरवली. आपल्या मुलामुलींना चांगली नोकरी मिळावी, यात वाईट काहीच नाही. पण स्टुटगार्टच्या आजोबांना सांभाळायला माणूस तयार करून पाठवता येतो, तर भाईंदरच्या आजोबांसाठी का येऊ नये, याचं उत्तर मंत्रालयाने द्यायला हवं.

महाराष्ट्राने हे काम पूर्वी एकदा केलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुग्णाची शुश्रूषा हे हलकं काम समजलं जायचं. परक्याच्या अंगाला हात लावायचा, मळमूत्र काढायचं, घरंदाज बाईने हे करू नये अशी समजूत. 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, आणि रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना, त्यात कितीतरी विधवा होत्या, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. समाजाने नाकं मुरडली. पण शिक्षण, वसतिगृह, गणवेश, परीक्षा आणि नोंदणी या पायऱ्या एकामागून एक चढल्यावर तेच काम प्रतिष्ठेचं झालं. काम तेच राहिलं, मळमूत्रही तेच. बदल झाला तो शिक्षणाने आणि कायद्याने दिलेल्या ओळखीने. 1947च्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या कायद्यानंतर कोणी आता न शिकलेल्या बाईला नर्स म्हणून कामावर ठेवायचं म्हटलं, तर आपल्याला धक्का बसतो. मावशींच्या बाबतीत तो धक्का आपल्याला अजून बसत नाही.

कायद्याने सक्ती केली की केअर होम महाग होतील, छोटी बंद पडतील, गरिबांचं काय, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. म्हणून उद्या सकाळी सगळ्यांना पदवी मागणं हा वेडेपणा ठरेल. ज्या बाईने पंधरा वर्षं दीडशे म्हाताऱ्यांना सांभाळलं आहे, तिला दहावीच्या मार्कशीटवरून बाहेर काढणं हा तर अन्यायच. आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन, थोडी उजळणी करून प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे. मावशींसाठी ती सरसकट वापरायला हवी, शुल्क न घेता आणि बुडालेल्या दिवसांची मजुरी देऊन.

मीरा-भाईंदरपुरतं बोलायचं तर या शहराला कायद्याची वाट बघत थांबायची गरज नाही. केअर होम आणि ब्युरो यांची साधी यादी महापालिका आणि पोलीस आयुक्तालय मिळून करू शकतात. कुठे किती खाटा, रात्री किती माणसं, त्यातली किती शिकलेली. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. तिथल्या सिस्टरांकडून हाताने करून घेण्याचे धडे देता येतील, कारण बेडसोर आणि नळी या गोष्टी फळ्यावर शिकता येत नाहीत. ज्येष्ठांना किंवा त्यांच्या माणसांना तक्रार करायची तर 14567 हा ज्येष्ठांचा फोन क्रमांक राज्यात चालू आहे, तो प्रत्येक केअर होमच्या दाराशी मोठ्या अक्षरांत लावायची अट घालता येईल.

आणि आपण, जे आईवडिलांना अशा जागी नेऊन सोडतो, त्यांनी काय विचारायचं? बहुतेक जण गादी, टीव्ही, गॅलरी आणि जेवणाचा मेन्यू बघतात. रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात ते विचारा. कूस बदलल्याची वही मागा, आणि तिच्यात सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या तर पुढचं घर बघा. जीडीए झालेलं कोण आहे, त्याचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. नळी निघाली तर कोण घालतं, ते विचारा. मावशींना आठवड्याची सुट्टी मिळते का, हेही विचारा. सहा रात्री सलग जागलेल्या बाईच्या हातून चूक होणारच, ती कितीही शिकलेली असो. आणि ज्या घरात शिकलेली बाई आहे, तिथे शंभर-दोनशे रुपये रोज जास्त पडले तर घासाघीस करू नका.

वर्ग सुरू करणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. ड्युट्या बहुतेक ठिकाणी सकाळी आठला आणि रात्री आठला बदलतात. रात्रपाळी संपवून विरारकडे परत जाणारी बाई सकाळी नऊच्या वर्गात झोपून जाईल, आणि दिवसपाळीची बाई दुपारी येऊच शकणार नाही. म्हणून वर्ग केअर होममध्येच, दुपारच्या जेवणानंतर पेशंट झोपलेले असतात त्या दीड-दोन तासांत घ्यावेत, सिस्टरने खाटेशेजारी उभं राहून, मराठीतून आणि लागेल तिथे हिंदीतून. आठवड्याला दोन दिवस धरले तरी सहा महिन्यांत अमेरिकेचे ते 75 तास पूर्ण होतात, आणि एकाही बाईची एका दिवसाचीही मजुरी बुडत नाही.